दोर कोणी कापले? : मराठी कथनातील नायक आणि पराधीन सैनिक

१

‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार मराठीत बहुधा गौरवाच्या सुरात वापरला जातो. नोकरीवर पाणी सोडून चळवळीत शिरणारा कार्यकर्ता किंवा घरदार गहाण टाकून नाटक मंडळी काढणारा नट यांच्याविषयी आपण तो योजतो, तेव्हा त्यांच्या निश्चयाला दाद देत असतो. या वापरात एक गृहीत दडलेले असते : ज्याचा दोर, तोच तो कापतो. परंतु ज्या प्रसंगामुळे हा वाक्प्रचार मराठी मनात घर करून राहिला आहे, त्या कोंढाण्याच्या प्रसंगात असे घडत नाही. फेब्रुवारी १६७० मधील त्या रात्री तानाजी मालुसरे पडले, मावळे माघारी वळले आणि सूर्याजीने दोर कापून टाकले, असे लोकस्मृती सांगते. तेथे दोर परतू पाहणाऱ्यांचे होते आणि कापणारा हात दुसऱ्याचा होता. वाक्प्रचार रूढ होता होता हा भेद नाहीसा झाला. दुसऱ्याने लादलेली अपरिहार्यता आणि स्वतः पत्करलेली अपरिहार्यता या दोन्हींना आपण आता एकाच शब्दसंहतीने ओळखतो.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न या पुसल्या गेलेल्या भेदाचा आहे. ज्यांना नकार देण्याची मोकळीक नाही, अथवा जिची किंमत परवडणार नाही एवढीच आहे, अशा माणसांना युद्धात नेणारा नायक त्यांच्या मरणाच्या दोषात कितपत सहभागी असतो? आपल्या परंपरेत या सहभागासाठी एक घरगुती पण नेमका शब्द आहे : ‘वाटेकरी’. वाल्या कोळ्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. लुटीवर पोसले गेलेले त्याचे कुटुंबीय पापाचा वाटा घ्यायला नकार देतात आणि त्या नकाराने वाल्याचे डोळे उघडतात. ही कथा आपण वाल्याच्या परिवर्तनाची म्हणून सांगतो. पण जे खातात आणि तरी वाटेकरी होत नाहीत, त्यांचे पुढे काय झाले, हे ती सांगत नाही. वीरकथेतील नायक, तिचा निवेदक आणि तिचा वाचक यांचे स्थान या कुटुंबाच्या फार जवळचे आहे.

येथे एक मर्यादा आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. इतिहासातील व्यक्तींवर न्यायनिवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यांच्यापुढील पेच, त्यांची माहिती आणि त्यांचा काळ यांचा विचार इतिहासकाराने करावयाचा आहे. येथे विचारात घ्यावयाचा आहे तो कथनातील नायक, म्हणजे बखरकाराने, कादंबरीकाराने आणि पाठ्यपुस्तकाने आपल्यासाठी घडविलेली व्यक्तिरेखा. ती घडविताना कोणत्या गोष्टी दाखविल्या आणि कोणत्या झाकल्या, हा समीक्षेचाच विषय ठरतो.

२

दोर कापण्याचा प्रसंग सर्व साधनांत सारखा नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत तानाजी आणि उदेभान दोघेही पडल्यावर सूर्याजीने हिंमत धरून लोकांना सावरल्याचा उल्लेख आहे. दोर कापल्याची गोष्ट तेथे नाही. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात सूर्याजी पळणाऱ्यांना अडवितो आणि दोर नष्ट झाले आहेत, असे त्यांना सांगतो. पुढे शालेय पाठांतून आणि चित्रांतून जी आवृत्ती स्थिरावली, तिच्यात सूर्याजी स्वतः दोर कापतो. सावरणे, सांगणे आणि कापणे या तीन क्रियापदांत कथेचा प्रवास सामावला आहे.

नैतिक दृष्ट्या ही तीन क्रियापदे एकमेकांपासून फार दूर आहेत. जो सावरतो, तो समोरच्याच्या इच्छेला आवाहन करतो. सावरलेला माणूस तरीही पळू शकतो आणि म्हणूनच त्याचे परतणे त्याचे स्वतःचे असते. दोर नाहीत असे जो सांगतो, तो समोरच्याच्या ज्ञानावर अंमल करतो. वृत्त खरे असो वा खोटे, ऐकणाऱ्याचा निर्णय आता सांगणाऱ्याच्या शब्दावर उभा राहतो. जो प्रत्यक्ष कापतो, तो इच्छा आणि ज्ञान या दोहोंना ओलांडून जातो. त्यानंतर मावळ्याला काय वाटते याला महत्त्व उरत नाही. कथा जसजशी लोकप्रिय होत गेली, तसतसा सैनिकाच्या इच्छेला उरलेला अवकाश आक्रसत गेला, आणि नेमक्या त्याच प्रमाणात कथा अधिक ‘स्फूर्तिदायक’ ठरली. हा योगायोग मानणे कठीण आहे.

सूर्याजीच्या बाजूने बोलता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंधारात कड्यावरून दोराने उतरू पाहणारा जमाव वरून सहज कापला गेला असता. दोर कापण्यामुळे अधिक जीव वाचले असतील, हा युक्तिवाद पोकळ नाही. दुसरे असे की चढताना मावळे संमतीने चढले होते. तिसरा मुद्दा सर्वांत बळकट आहे : सूर्याजी दोराच्या त्याच बाजूला उभा होता. इतरांचा परतीचा मार्ग बंद करताना त्याने स्वतःचाही बंद केला. नायकाच्या दोषाचा विचार करताना ही कसोटी नेहमी हाताशी ठेवावी. दोर कापणारा कड्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे?

तरीही या कसोटीने प्रश्न संपत नाही. चढण्याला दिलेली संमती दोर कापण्याला दिलेली संमती ठरत नाही. सूर्याजीने संकट वाटून घेतले हे खरे, पण निर्णय वाटून घेतला नाही. समान मरणामुळे समान स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. ज्याने निवड केली तो आणि ज्याच्या वतीने ती केली गेली तो, हे दोघे शेजारी शेजारी पडले तरी त्यांच्या मरणाचा नैतिक अर्थ एकच राहत नाही.

ग्रँट डफच्या कथनात आणखी एक तपशील आहे आणि तो पाठ्यपुस्तकांनी बहुधा गाळला आहे. आपल्या बापाचे शव महारांच्या हातून खड्ड्यात फेकले जाऊ देणार काय, अशा अर्थाची लाज सूर्याजी पळणाऱ्यांना घालतो. हे शब्द सूर्याजीचे होते की त्याच्या तोंडी नंतर आले, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी कथनाच्या तर्कात त्यांना मोठे महत्त्व आहे. सुताचा दोर कापला गेल्यावर दुसरा एक दोर मावळ्याला कड्यावर बांधून ठेवतो, आणि तो लाजेचा आहे. त्या लाजेचे धागे जातिव्यवस्थेतून आलेले आहेत. सैनिकाला मागे फिरू न देणारी शक्ती केवळ सेनापतीच्या हातात नसते. गाव, घराणे, जात आणि बायकापोरांसमोर मान वर करून उभे राहण्याची गरज हे सर्व सेनापतीसाठी आधीपासून काम करीत असतात. नायक या शक्ती निर्माण करीत नाही. तो त्या वापरतो. वापरणारा निर्मात्याइतका दोषी नसेल, पण तो वाटेकरी नाही असे म्हणता येत नाही.

३

दोर न कापताही पळणारे सैनिक परत फिरतात, याचे एक उदाहरण वऱ्हाडातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूरच्या पूर्वेला, आज अकोला जिल्ह्यात मोडणाऱ्या अडगावच्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी कंपनी सरकारची फौज आणि नागपूरकर भोसल्यांची फौज यांची लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूला शिंद्यांचे घोडदळ होते. तोफांचा मारा सुरू होताच कंपनीच्या शिपायांच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या. याच पलटणी दोन महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईच्या लढाईत उत्तम लढल्या होत्या. सेनापती आर्थर वेलस्ली यांनी त्यांना तोफांच्या टप्प्याबाहेर नेले, पुन्हा रांगा लावल्या आणि स्वतः पुढे होऊन परत आणले. कंपनीची सरशी झाली.

वरवर पाहता वेलस्लींची कृती सूर्याजीच्या कृतीहून सौम्य वाटते. त्यांनी माघारीला क्षणभर जागा दिली, भीतीला अवधी दिला. पण हा सौम्यपणा कोणाला परवडतो? ज्याच्या सैनिकांचा दोर पगारात, कवायतीत आणि पळाल्यास होणाऱ्या शिक्षेत गुंफलेला आहे, त्याला. कोंढाण्यावर दोर दिसत होता, अडगावला तो दिसत नव्हता, एवढाच काय तो फरक. शिवाय ते शिपाई या देशातील होते आणि ज्या सत्तेसाठी ते परत फिरले, ती त्यांची नव्हती. त्या दिवशी त्यांच्या मनात काय होते हे सांगणारी कादंबरी मराठीच्या स्मरणात नाही. संग्रामपूरसारख्या नावात संग्राम राहतो, तो करणारे राहत नाहीत.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. सैनिकाची स्वेच्छा ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा दोन खणांत बसत नाही. मराठी लष्करी व्यवहाराच्या परिभाषेत याची जाण होती. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगीर सरकारी किंवा सरदाराच्या पागेतील घोड्यावर बसे. सभासदाने दिलेल्या रचनेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार असा क्रम आहे. घोडा ज्याचा, त्याला चाकरी बदलण्याची थोडीतरी मोकळीक. घोडा दुसऱ्याचा असला की मांडीखालची जागाही दुसऱ्याचीच. पागेबाहेर पाईक होते, सरंजामदारामागे जाणारी गावची माणसे होती आणि छावणीमागे वेठीने ओझी वाहणारे होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेला शेतकरी पावसाळ्यापूर्वी नांगरापाशी परतण्याच्या आशेने निघे. तो शेत सोडून जाई तेव्हा उत्साह किती, कर्ज किती आणि पाटलाचा धाक किती, याचे प्रमाण माणसागणिक वेगळे असणार. स्वातंत्र्याच्या या श्रेणी भाषेत होत्या. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने मात्र त्या सर्वांवर ‘निष्ठा’ या एकाच शब्दाचा मुलामा दिला.

या श्रेणींचा विचार उलट बाजूनेही करावा लागतो, नाहीतर सैनिकाकडे केवळ दयेने पाहण्याचा धोका आहे. गावगाड्यातील अस्पृश्यांच्या दृष्टीने सैन्य हा काही वेळा वेठीतून सुटण्याचा मार्ग होता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीच्या बाजूने लढलेल्या महार शिपायांची स्मृती विसाव्या शतकात स्वाभिमानाची खूण झाली आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, ते याच जाणिवेतून. त्यापूर्वी, १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती थांबली असता ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर यांनी विनंतिअर्ज तयार केला होता. बंदूक हाती घेण्याचा हक्क ज्यांना अर्ज करून मागावा लागला, त्यांना ‘पराधीन सैनिक’ म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे. पराधीनता मोजताना छावणीच्या आत काय होते एवढेच पाहून भागत नाही. छावणीबाहेर त्या माणसासाठी काय शिल्लक होते, हेही पाहावे लागते. परंतु यामुळे सेनापतीचा वाटा कमी होत नाही, उलट वाढतो. ज्याला परतायला जागाच नाही, त्याचा दोर कापण्याचीही गरज नसते, आणि अशा माणसाच्या शौर्यावर विसंबणारा नायक त्याच्या निरुपायावरही विसंबलेला असतो.

४

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सैनिकाच्या पराधीनतेचे आपल्या वीरकथनात काय होते? ती नाहीशी होत नाही. ती नायकाकडे हस्तांतरित होते. सैनिकाचा नाइलाज नायकाच्या खात्यावर शोकात्मता म्हणून जमा होतो आणि नायकाची निष्ठा सैनिकाच्या खात्यावर स्वेच्छा म्हणून मांडली जाते. या अदलाबदलीनंतर नायक दोषमुक्त होतो, कारण त्याच्यापुढे पर्याय नव्हता, आणि सैनिकाविषयी प्रश्न उरत नाही, कारण तो आनंदाने गेला. प्रत्यक्षात पर्याय ज्याच्याजवळ अधिक होते तो पराधीन ठरतो आणि ज्याच्याजवळ कमी होते तो स्वाधीन. मराठी ऐतिहासिक व पौराणिक कादंबरीच्या नैतिक रचनेतील ही मध्यवर्ती घडामोड आहे, असे मला वाटते.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) या दृष्टीने तपासण्याजोगी आहे, कारण ती या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते. सदाशिवरावभाऊंवरील जुना ठपका पुसू पाहणारी ही कादंबरी छावणीची उपासमार झाकीत नाही. सैनिक, बुणगे, यात्रेकरू आणि बायकामुले यांचा प्रचंड पसारा तिच्यात सतत जाणवतो. काशीराजाच्या वृत्तांतातही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्या, अशी मागणी घेऊन लोक भाऊंच्या डेऱ्याशी आल्याचे वर्णन आहे. १४ जानेवारी १७६१ चा निर्णय अशा रीतीने खालून वर आला, असे म्हणता येईल. पण ज्या निवडीची दोन टोके भूक आणि तलवार ही आहेत, तिला निवड म्हणावे काय? येथे दोर कोणी एका व्यक्तीने कापलेला नाही. रसद तुटणे, लांबलेला मुक्काम, आधीच्या महिन्यांतील छोटे छोटे निर्णय यांनी तो धाग्याधाग्याने झिजविला. असा दोष एका माणसाच्या माथी मारता येत नाही हे कादंबरीचे म्हणणे मान्य केले, तरी एक प्रश्न राहतो. वाचकाच्या मनात शेवटी कोणाचा नाइलाज कोरला जातो? भाऊंचा. छावणीची भूक ही भाऊंच्या शोकात्मतेची पार्श्वभूमी बनते. ज्यांची ती भूक होती, त्यांच्या वाट्याला शोकात्मता येत नाही, गणती येते.

इब्राहिमखान गारदी याचे पात्र या रचनेला छेद देते. तो आणि त्याचे गारदी हे पगारी कवायती सैनिक. आधी निजामाकडे असलेला हा सरदार पुढे मराठ्यांकडे आला आणि पानिपतावर अखेरपर्यंत लढून पकडला व मारला गेला. चाकरी बदलण्याची मोकळीक ज्याला होती आणि ज्याने ती एकदा वापरलीही होती, त्याचे न फिरणे हेच खऱ्या अर्थाने निवडीचे उदाहरण आहे. ‘भाडोत्री’ म्हणून ज्याला आपण खालचा मानतो, त्याच्या निष्ठेला स्वेच्छेचा आधार अधिक आहे. ज्याच्या निष्ठेचे आपण गोडवे गातो त्या पाईकाला मात्र असा पुरावा देण्याची संधीच मिळालेली नसते.

शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) ही अदलाबदल टोकाला जाते. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांची आत्मनिवेदने या कादंबरीत आहेत. त्यांत सैनिक एकही नाही. सूतकुळातील शोण हा सामान्यांच्या सर्वांत जवळचा, पण तोही भावाकडेच पाहतो. कर्णाच्या उपेक्षेने आणि ऋणाने वाचक इतका भारावतो की कुंतीला दिलेल्या वचनाचा एक अर्थ त्याला दिसतच नाही. अर्जुनावाचून इतर चौघांना मारणार नाही, असे कर्ण कुंतीला कबूल करतो. भीष्मांचे दहा आणि द्रोणांचे पाच दिवस संपल्यावर तो कौरवांचा सेनापती होतो. युद्धात युधिष्ठिर, भीम, नकुल, सहदेव हाती सापडूनही तो त्यांना सोडून देतो. आपण याला औदार्य म्हणतो. परंतु त्याच्या ध्वजाखाली उभ्या असलेल्या पायदळाच्या बाजूने पाहावे. त्यांचा सेनापती शत्रूशी एका खाजगी कराराने बांधलेला आहे आणि त्यांना त्याची वार्ता नाही. सुटलेला भीम पुढच्या घटकेला ज्यांना चिरडणार आहे, ते कर्णाच्या मातृऋणाची किंमत मोजतात. कर्णाला आपल्या दानशूरतेचा अभिमान असावा हे समजू शकते. पण कवचकुंडले त्याची स्वतःची होती, सैनिकांचे प्राण त्याचे नव्हते. दुसऱ्याच्या मालकीचे देऊन केलेल्या दानाला कादंबरी दानच म्हणते आणि आपणही डोळे पुसत पान उलटतो.

कर्णाचा दाता म्हणून गौरव करताना श्रीकृष्णालाही या प्रश्नातून सूट मिळू नये. उद्योगपर्वात दुर्योधन आणि अर्जुन दोघेही मदत मागायला येतात. एका बाजूला निःशस्त्र कृष्ण आणि दुसऱ्या बाजूला नारायण नावाने ओळखले जाणारे असंख्य गोप योद्धे असे दोन वाटे कृष्ण मांडतो. अर्जुन कृष्णाला निवडतो, दुर्योधन सेना घेतो. कीर्तनकार या कथेतून अर्जुनाची भक्ती आणि दुर्योधनाचा लोभ समजावून सांगतात. ज्यांना वाटून टाकले, त्यांना कोणी विचारले काय, हा प्रश्न सभामंडपात उठत नाही. द्रोणपर्वात संशप्तकांच्या बाजूने हेच नारायण गोप अर्जुनासमोर उभे राहतात आणि ज्या रथातून त्यांच्यावर बाण सुटतात, त्याचे लगाम त्यांच्याच धन्याच्या हाती असतात. आपली कसोटी येथे पुन्हा आठवावी. सूर्याजी दोराच्या त्याच बाजूला होता. येथे धनी पलीकडच्या बाजूला आहे.

५

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. स्वेच्छा आणि संमती या आधुनिक कल्पना असून त्या जुन्या काळावर लादणे हा कालविपर्यास आहे, असे म्हटले जाईल. त्याचे एक उत्तर सरळ आहे : ‘मृत्युंजय’ आणि ‘पानिपत’ या कादंबऱ्या प्रजासत्ताकाच्या काळात लिहिल्या आणि वाचल्या गेल्या, त्यांचे नायक आपल्या काळाची निर्मिती आहेत. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. हा प्रश्न जुन्यांनी विचारला होता.

स्त्रीपर्वात युद्धानंतर धृतराष्ट्र युधिष्ठिराला दोन गोष्टी विचारतो. किती मेले, आणि मेलेले कोणत्या गतीला गेले? युधिष्ठिर संख्या सांगतो आणि मग मृतांचे वर्ग करतो. जे हर्षाने देह टाकून गेले ते इंद्रलोकासारख्या लोकांत गेले. मरायचेच आहे असे जाणून, मनात उल्हास नसताना जे लढले, ते गंधर्वांकडे गेले. जे पाठ फिरवून पळताना किंवा अभय मागताना शस्त्राने मेले, ते गुह्यकांच्या लोकी गेले. परलोकाची ही श्रेणी मान्य करण्याचे कारण नाही. तिच्यात पळणाऱ्याला खालची पायरी आहेच. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की विजयी राजा, स्वतःच्या बाजूच्या आणि शत्रूच्या मृतांविषयी बोलताना, ते मनाने लढले की मनाविरुद्ध, हा भेद करतो. सर्व आनंदाने गेले, असे तो म्हणत नाही. इतकेच नव्हे, ज्यांचे कोणी नाही अशा परदेशातून आलेल्या मृतांचे अंत्यसंस्कार करण्याची आज्ञा तो देतो आणि विदुर त्यांचे ढीग रचून दहन करवितो. एका अक्षौहिणीत १,०९,३५० पायदळ, अशा अठरा अक्षौहिणींच्या महाकाव्यात या अनामिकांच्या चितेला एक जागा मिळाली आहे. युधिष्ठिराला त्यानंतर राज्य नकोसे होते. शांतिपर्वातील त्याचा विषाद प्रामुख्याने आप्तांविषयीचा आहे हे खरे, पण आपण वाटेकरी आहोत हे सांगायला तो कचरत नाही. त्याला समजावणारे सर्वजण हेच पटवू पाहतात की त्याचा नाइलाज होता. तो सहजासहजी पटवून घेत नाही.

तौलनिक दृष्टीने शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधील प्रसंग येथे आठवतो. १४१५ च्या आजिंकूरच्या लढाईच्या आदल्या रात्री राजा वेश पालटून छावणीत फिरतो. विल्यम्स नावाचा साधा शिपाई त्याला सुनावतो की युद्धाचे कारणच योग्य नसेल, तर तुटलेल्या हातापायांचा हिशेब राजाला द्यावा लागेल. राजा लांबलचक उत्तर देतो, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते. प्रत्येक शिपायाच्या स्वतःच्या पापांना राजा जबाबदार नाही, असे तो सिद्ध करतो. युद्धाचे कारण योग्य होते काय, हे अनुत्तरितच राहते. लढाईनंतर विल्यम्सचा हातमोजा नाण्यांनी भरून त्याला परत मिळतो. त्या मोज्यात प्रश्नाचे उत्तर नसते. शेक्सपिअर राजाचा गौरव करणारे नाटक लिहीत होता, तरी त्याने विल्यम्सला बोलू दिले. नायकाला कमी न लेखता सैनिकाला प्रश्न विचारू देता येतो, याचा हा पुरावा आहे.

आपल्या कादंबरीत विल्यम्स का नाही? त्याचे एक कारण रचनेत आहे. लुकाचने वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांविषयी दाखवून दिले आहे की त्यांचे नायक मध्यम वकुबाचे, दोन पक्षांच्या मध्ये सापडलेले असतात आणि थोर ऐतिहासिक व्यक्ती कडेला राहतात. त्यामुळे थोरांच्या निर्णयांचे परिणाम खालच्या पातळीवरून दिसतात. मराठी ऐतिहासिक कादंबरीने थोर पुरुषालाच मध्यभागी बसविले आणि निवेदकाला त्याच्या अंतःकरणात पाठविले. अंतःकरणात शिरलेल्या निवेदकाला नाइलाज दिसतो, कारण आतून पाहिले असता प्रत्येकाचा नाइलाजच असतो. परिणाम पाहायला बाहेर यावे लागते. मायकेल वॉल्झर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात युद्धातील साध्या सैनिकांच्या परस्परसमानतेचा जो विचार मांडला, त्याचे सार असे की युद्ध त्यांनी सुरू केलेले नसते, म्हणून दोन्हीकडचे सैनिक एकमेकांचे अपराधी ठरत नाहीत. सैनिकाची पराधीनता त्याला दोषातून सोडविते. परंतु सुटलेला दोष हवेत विरत नाही. तो वर सरकतो. आपल्या कथनात वर सरकलेला हा दोष नायकाच्या अश्रूंत विरघळून जातो.

६

याचा अर्थ वीरनायक नाकारावेत किंवा प्रत्येक सेनापतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असा नाही. आज्ञा देणाऱ्याच्या हातून काही दोष घडणारच. अशा माणसाकडून निर्दोषत्वाची अपेक्षा करणे पोरकटपणाचे आहे. अपेक्षा करता येते ती ओळखीची. आपण कोणाच्या नाइलाजावर उभे आहोत हे जो नायक जाणतो आणि ज्याचे कथन ते लपवीत नाही, त्याचा मोठेपणा कमी होत नाही. युधिष्ठिराचा झाला नाही. आपण वाटेकरी नाही असे सिद्ध करण्यासाठी ज्याला स्वतःचा नाइलाज पुढे करावा लागतो, तो नायक मात्र वाल्याच्या कुटुंबीयांच्या ओळीत जाऊन बसतो.

समीक्षेपुरते बोलायचे तर वीरकथा वाचताना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी लागेल. दोर कोणाचे होते? कापणारा कोणत्या बाजूला उभा होता? आणि निवेदक त्या क्षणी कोणाच्या तोंडाकडे पाहत होता? तिसरा प्रश्न खास वाङ्मयीन आहे आणि म्हणून आपला आहे. कोंढाण्याच्या कथेत दोर पडताना आपण सर्वजण सूर्याजीकडे पाहतो. धावत येऊन कड्याच्या टोकाशी थबकलेला, हातात रिकामी जागा आलेला जो मावळा, त्याचा चेहरा मराठीने पाहिलेला नाही. तो वळला, लढला आणि कदाचित जिंकलाही. त्याच्या त्या वळण्याला आपण तीन शतके स्वामिनिष्ठा म्हणत आलो. ती असेलही. पण तसे म्हणण्यापूर्वी त्याला खाली उतरता आले असते तर काय झाले असते, हे विचारण्याचा अधिकार आपण त्याच्याकडून काढून घेतला आहे. सूर्याजीने दोर एकदा कापला. आपण तो प्रत्येक वाचनात कापत असतो, आणि आपण कड्यावर उभे नसतो.